पिरॅमिडचा हिशेब

काही वर्षांपूर्वी विज्ञान दिनाच्या निमित्ताने एका तालुक्याच्या गावातील शाळेत बोलायला गेलो होतो. विषय होता ‘साधी यंत्रे’. तरफ, कप्पी, उतरण असे करत मी इजिप्तमधील गिझाच्या मोठ्या पिरॅमिडपर्यंत आलो आणि थांबलो. ‘आता प्रश्न विचारा’ असे म्हटल्यावर नववीतला एक मुलगा उभा राहिला.

“सर, मी मोबाइलवर पाहिलं. त्या पिरॅमिडमध्ये तेवीस लाख दगड आहेत, एकेक अडीच टनांचा. तो वीस वर्षांत बांधला म्हणतात. वर्षाचे तीनशे दिवस आणि दिवसाचे आठ तास काम धरलं, तर दर सव्वा मिनिटाला एक दगड बसवायला पाहिजे. तेव्हा क्रेन नव्हती, काही नव्हतं. मग तो माणसांनी बांधलाच नसणार ना? परग्रहावरून कोणीतरी आलं असणार.”

सभागृहात हशा पिकला. मीही हसलो आणि “अरे, असं काही नसतं” असे म्हणून पुढच्या प्रश्नाकडे वळलो. मुलगा खाली बसला. पण त्याला काहीही पटलेले नाही हे त्याच्या चेहऱ्यावर दिसत होते. आणि का पटावे? त्याने भागाकार करून दाखवला होता, मी नुसते हसून दाखवले होते. आम्हा दोघांत विज्ञानाच्या रीतीने बोलणारा तो होता, मी नव्हतो. हे लक्षात आले तेव्हा मी त्याला पुन्हा उभे केले आणि म्हटले, “तुझा भागाकार बरोबर आहे. आता आपण आणखी एक हिशेब करू. हे सगळे दगड वर चढवायला एकूण कार्य किती लागलं असेल?”

तो हिशेब आम्ही फळ्यावर कसा केला, त्यात मी कुठे चुकलो आणि त्यातून काय हाती लागले, ते येथे सांगणार आहे. नववी-दहावीच्या वर्गात तो साध्या बेरजांनी करता येतो. अकरावी-बारावीच्या विद्यार्थ्यांना मात्र त्यात आणखी एक गोष्ट दिसेल. आपण ज्याला इंटिग्रेशन म्हणतो ते समाकलन नेमके कशासाठी लागते, हे त्यातून कळते.

कार्य आणि उंची

एखादी वस्तू सरळ वर उचलताना गुरुत्वाकर्षणाविरुद्ध होणारे कार्य म्हणजे वस्तुमान × गुरुत्वत्वरण × उंची. ५० किलोग्रॅमचे सिमेंटचे पोते ३ मीटर उंचीच्या स्लॅबवर नेले, तर ५० × ९.८ × ३, म्हणजे १,४७० ज्यूल कार्य झाले. पोते शिडीवरून खांद्यावर नेले, दोरीने वर खेचले किंवा फळीच्या उतरणीवरून ओढले, तरी गुरुत्वाकर्षणाविरुद्धचे कार्य तेवढेच राहते. घर्षणासाठी जे जास्तीचे कार्य लागेल ते वेगळे. त्याकडे आपण नंतर येऊ.

मार्ग कोणताही असो, आकडा तोच, ही गोष्ट आपल्या फार उपयोगाची आहे. इजिप्तच्या लोकांनी दगड नेमके कोणत्या पद्धतीने वर नेले याबद्दल अभ्यासकांत आजही मतभेद आहेत. आपल्या हिशेबाला त्याने बाधा येत नाही. पद्धत कोणतीही असली तरी किमान इतके कार्य करावेच लागले, असे आपण खात्रीने म्हणू शकतो.

आता मापे घेऊ. सुमारे साडेचार हजार वर्षांपूर्वी खुफू राजासाठी बांधलेल्या या पिरॅमिडचा पाया चौरस असून त्याची बाजू सुमारे २३० मीटर आहे. मूळची उंची सुमारे १४६.६ मीटर होती. पिरॅमिडचे घनफळ म्हणजे पायाचे क्षेत्रफळ × उंची ÷ ३. त्यावरून सुमारे २५.८५ लाख घनमीटर येतात. दगड मुख्यतः चुनखडकाचा. त्याची घनता दर घनमीटरला २,३०० किलोग्रॅम धरली, तर वस्तुमान सुमारे ५९५ कोटी किलोग्रॅम, म्हणजे जवळजवळ ६० लाख टन भरते.

वस्तुमान मिळाले. पण उंची कोणती घ्यायची? प्रत्येक दगड वेगळ्या उंचीवर आहे. येथे मी घाई केली. “सर्वांत खालचा दगड शून्यावर, सर्वांत वरचा १४६.६ मीटरवर. तेव्हा सरासरी उंची निम्मी, ७३.३ मीटर,” असे म्हणून मी गुणाकार करायलाही लागलो.

मागच्या बाकावरून एका मुलीचा आवाज आला. “सर, पण वर दगड कमी आहेत ना? आमच्या खळ्यावर ज्वारीची रास असते, तिच्यातली बरीचशी ज्वारी खालीच असते.”

तिचे म्हणणे बरोबर होते. मी उंचीची सरासरी काढली होती. काढायला हवी होती दगडांच्या उंचीची सरासरी. खालच्या थरात हजारो दगड आहेत आणि टोकाला एकच. प्रत्येक उंचीला तिथल्या दगडांच्या संख्येइतके महत्त्व द्यायला हवे. मी फळा पुसला.

ठोकळ्यांचा पिरॅमिड

मोठा प्रश्न अडला की त्याचे लहान रूप करून पाहावे. सारख्या आकाराचे घनाकृती ठोकळे घ्या. सर्वांत खाली १० × १० चा थर, त्यावर ९ × ९ चा, असे करत टोकाला एक ठोकळा. खालच्या थराला उचलावे लागत नाही. दुसरा थर एका ठोकळ्याच्या उंचीइतका उचलावा लागतो, तिसरा दोन ठोकळ्यांइतका, आणि याप्रमाणे पुढे. प्रत्येक थरासाठी ‘ठोकळ्यांची संख्या × उचललेली उंची’ असा गुणाकार मांडला:

१०० × ० = ०
८१ × १ = ८१
६४ × २ = १२८
४९ × ३ = १४७
३६ × ४ = १४४
२५ × ५ = १२५
१६ × ६ = ९६
९ × ७ = ६३
४ × ८ = ३२
१ × ९ = ९

एकूण ठोकळे ३८५ आणि गुणाकारांची बेरीज ८२५. म्हणजे सरासरी ठोकळा ८२५ ÷ ३८५ = २.१४ ठोकळ्यांइतका वर गेला. पिरॅमिडची उंची १० ठोकळे आहे. तेव्हा सरासरी उंची एकूण उंचीच्या ०.२१४ पट झाली. निम्मी नव्हे, पाव हिश्शाहूनही थोडी कमी!

थर वाढवून पाहा. २० थरांचा पिरॅमिड केला तर हे गुणोत्तर ०.२३२ येते. १०० थरांना ०.२४६. वर्गांच्या आणि घनांच्या बेरजेची सूत्रे ज्यांना ठाऊक आहेत त्यांनी स्वतः करून पाहावे. थरांची संख्या ‘न’ असेल तर गुणोत्तर येते

(न − १) ÷ २(२न + १)

‘न’ जसजसा वाढत जाईल तसतसे हे गुणोत्तर ०.२५ च्या जवळ जात राहते, पण त्याला ओलांडत नाही. गणिताच्या भाषेत १/४ ही त्याची सीमा आहे.

थर पातळ करत गेल्यावर

समाकलन म्हणजे याच बेरजेची शेवटची पायरी. ठोकळे मोजण्याऐवजी आता पिरॅमिडचे आडवे, अतिशय पातळ काप कल्पू. पायाची बाजू ‘ब’, उंची ‘उ’, घनता ‘घ’ आणि गुरुत्वत्वरण ‘ग’ मानू. जमिनीपासून ‘य’ उंचीवर Δय जाडीचा एक काप घेऊ.

त्या कापाची बाजू किती? पिरॅमिडचा उभा छेद त्रिकोणी असतो. समरूप त्रिकोणांवरून ती ब(उ − य)/उ येते. कापाचे घनफळ म्हणजे बाजूचा वर्ग × जाडी. त्याला ‘घ’ आणि ‘ग’ यांनी गुणले की वजन, आणि ‘य’ ने गुणले की त्या कापासाठी लागलेले कार्य:

Δकार्य = (घ ग ब²/उ²) × य(उ − य)² × Δय

ठोकळ्यांच्या तक्त्यातील एकेका ओळीचेच हे दुसरे रूप आहे. (उ − य)² म्हणजे थरातील ठोकळ्यांची संख्या आणि ‘य’ म्हणजे उचललेली उंची. आता य = ० पासून य = उ पर्यंतच्या सर्व कापांची बेरीज करायची आणि जाडी शून्याकडे न्यायची.

य(उ − य)² = उ²य − २उय² + य³

य चे समाकलन य²/२, य² चे य³/३ आणि य³ चे य⁴/४. य च्या जागी ‘उ’ घातल्यावर मिळते

उ⁴/२ − २उ⁴/३ + उ⁴/४ = उ⁴/१२

म्हणून

एकूण कार्य = घ ग ब² उ²/१२

पिरॅमिडचे वस्तुमान घब²उ/३ असते. ते वेगळे काढले तर हेच सूत्र ‘वस्तुमान × ग × उ/४’ असे वाचता येते. सगळा पिरॅमिड एकगठ्ठा उ/४ उंचीवर उचलला असता तर जेवढे कार्य झाले असते, तेवढेच तो थराथराने रचताना होते. उ/४ हा पिरॅमिडचा गुरुत्वमध्य आहे. शंकूचाही गुरुत्वमध्य याच ठिकाणी असतो, हे आर्किमिडीजला ठाऊक होते.

एखादा चौकस विद्यार्थी विचारील, की खरा पिरॅमिड तर थरांचाच आहे, मग अनंत पातळ काप कशाला? शंका रास्त आहे. आज या पिरॅमिडचे सुमारे २०० थर शिल्लक आहेत. थरांची जाडी सारखी नाही; पण क्षणभर ती सारखी धरून वरच्या सूत्रात न = २०० घातले तर ०.२४८ मिळते. समाकलनाने दिलेल्या ०.२५ पेक्षा ते एक टक्क्याहूनही कमी फरकाने वेगळे आहे. दोनशे ओळींची बेरीज करण्याऐवजी तीन पदांत उत्तर मिळाले, आणि चूक एक टक्क्याच्या आत राहिली. समाकलनाचा व्यवहारातील उपयोग तो हाच.

आकडे घालू: ५९५ कोटी × ९.८ × ३६.६५ म्हणजे सुमारे २.१४ लाख कोटी ज्यूल. माझ्या पहिल्या घाईच्या उत्तराच्या बरोबर निम्मे.

हा आकडा मोठा की लहान? आपल्या कोयना जलविद्युत प्रकल्पाची एकूण स्थापित क्षमता १,९६० मेगावॅट आहे. सर्व संच पूर्ण क्षमतेने चालले तर एवढी ऊर्जा सुमारे १८ मिनिटांत तयार होईल. तिथे पाणी खाली येते आणि ऊर्जा देते. इथे दगड वर जातात आणि ऊर्जा मागतात. सूत्र एकच.

कष्ट कोणत्या उंचीवर?

ठोकळ्यांचा तक्ता पुन्हा पाहा. सर्वांत मोठा गुणाकार, १४७, टोकाशी नाही आणि तळाशीही नाही. तो चौथ्या थरात, उंचीच्या साधारण एक तृतीयांशावर आहे. य(उ − य)² चे अवकलन करून शून्याशी मांडले तर य = उ/३ हेच उत्तर येते. त्याखाली दगड पुष्कळ पण चढ थोडा. त्याच्या वर चढ पुष्कळ पण दगड थोडे.

उंचीच्या निम्म्यापर्यंत किती दगड असतात? वर उरलेला छोटा पिरॅमिड सर्व बाजूंनी निम्म्या मापाचा, म्हणजे घनफळाने आठवा हिस्सा. तेव्हा निम्म्या उंचीपर्यंत ७/८, म्हणजे ८७.५ टक्के दगड बसलेले असतात. एक तृतीयांश उंचीपर्यंतच ७० टक्के बसतात. टोक कापलेल्या पिरॅमिडचे घनफळ काढणे इजिप्तच्या लोकांनाही येत होते. इसवी सनापूर्वी सुमारे १८५० मधील, सध्या मॉस्को येथे असलेल्या एका पपायरसवर असे उदाहरण सोडवलेले आहे.

कार्याचे समाकलन उ/२ पर्यंतच केले तर एकूण कार्याचा ११/१६ भाग, म्हणजे जवळजवळ ६९ टक्के मिळतो. छायाचित्रात आपली नजर टोकाकडे जाते आणि ‘एवढ्या उंचीवर दगड कसे नेले’ हा प्रश्न पडतो. प्रत्यक्षात वरच्या अर्ध्या उंचीत एकूण कार्याच्या एक तृतीयांशाहूनही कमी कार्य आहे.

किती माणसे?

निरोगी, सरावाचा मजूर दिवसभर कष्ट करतो तेव्हा त्याची शक्ती सरासरी ७५ वॅटच्या आसपास धरतात. आठ तासांत ७५ × २८,८०० = २१.६ लाख ज्यूल. पण ही सगळी ऊर्जा दगडाची उंची वाढवण्यात जात नाही. म्हणून मोठी कपात करू. तिचा फक्त दहावा हिस्सा, २.१६ लाख ज्यूल, दगडाला उंची देण्यात गेला असे मानू. मग लागणारे मनुष्यदिवस सुमारे ९९ लाख, म्हणजे जवळजवळ एक कोटी. वीस वर्षांचे, दरसाल ३०० प्रमाणे, ६,००० कामाचे दिवस. भागाकार केला तर सुमारे १,६५० माणसे येतात.

हा आकडा फळ्यावर आला तेव्हा सभागृहात शांतता झाली. प्रश्न विचारणाऱ्या मुलाने मात्र लगेच विचारले, “पण सर, दर सव्वा मिनिटाला एक दगड?”

मग ते कामही मांडून पाहिले. चाळीस-चाळीस माणसांच्या ४२ टोळ्या केल्या. माणसे झाली १,६८०. दगड लाकडी घसरगाडीवर ठेवून दहास एक अशा चढाच्या उतरणीवरून ओढायचा. म्हणजे दहा मीटर ओढला की एक मीटर वर जातो. घर्षण गुणांक ०.३ धरला. अडीच टनांचे वजन २४,५०० न्यूटन. त्याचा ०.१ भाग चढासाठी आणि ०.३ भाग घर्षणासाठी, असे मिळून ९,८०० न्यूटन बल लागेल. चाळीस माणसांत ते वाटले तर प्रत्येकाच्या वाट्याला २४५ न्यूटन, म्हणजे २५ किलो वजन पेलण्याइतकी ओढ येते. जड आहे, पण माणसाच्या आवाक्यातली आहे.

सरासरी चढ ३६.६५ मीटर, म्हणजे सरासरी ओढण्याचे अंतर सुमारे ३६६ मीटर. दिवसाला ३८० दगड हवे असतील तर प्रत्येक टोळीने नऊ दगड न्यायचे. एका खेपेला, जाऊन-येऊन, सुमारे ५३ मिनिटे मिळतात. आता ५३ ला ४२ ने भागा. उत्तर सव्वा मिनिट! मुलाचा भागाकार बरोबरच होता. फक्त एकच टोळी काम करत आहे असे चित्र त्याच्या मनात होते. बेचाळीस टोळ्या एकाच वेळी कामावर असतील तर वर दर सव्वा मिनिटाला एक दगड येतो आणि खाली कोणालाही धावावे लागत नाही.

एका माणसाचे दिवसाचे कार्यही तपासू. ओढण्यासाठी २४५ × ३६६ × ९ म्हणजे सुमारे ८ लाख ज्यूल. स्वतःचे ६० किलो वजन नऊ वेळा वर नेण्यासाठी सुमारे २ लाख. एकूण १० लाख, मजुराच्या २१.६ लाखांच्या निम्म्याहून कमी. म्हणजे आपण धरलेला दहावा हिस्सा उधळपट्टीचा नव्हता.

घर्षण कमी करण्याची युक्तीही त्यांना अवगत होती असे दिसते. जेहुतीहोतेप नावाच्या अधिकाऱ्याच्या थडग्यातील चित्रात माणसांच्या रांगा एक अवाढव्य पुतळा घसरगाडीवरून ओढत आहेत, आणि गाडीच्या पुढच्या टोकावर उभा असलेला माणूस समोर पाणी ओततो आहे. हे चित्र खुफूनंतर काही शतकांनी काढलेले आहे. ॲमस्टरडॅम विद्यापीठातील भौतिकशास्त्रज्ञांनी वाळूत योग्य प्रमाणात पाणी मिसळून प्रयोग केले. त्यात ओढण्यासाठी लागणारे बल जवळजवळ निम्म्यावर आले, असे त्यांनी २०१४ मध्ये प्रसिद्ध केले.

हिशेब काय सांगत नाही

येथे थांबून एक सावधगिरी शिकवायला हवी. ऊर्जेचा हिशेब जुळला म्हणजे सर्व अडचणी सुटल्या असे नव्हे.

पहिली अडचण उतरणीची. दहास एक चढाची सरळ उतरण टोकापर्यंत न्यायची तर ती १,४६६ मीटर लांब होईल. वीस मीटर रुंदी धरली तरी तिचे घनफळ सुमारे २१ लाख घनमीटर, पिरॅमिडच्या चार पंचमांशाइतके! म्हणजे पिरॅमिडसाठी दुसरा पिरॅमिडच बांधावा लागेल. पण उतरणीचे घनफळ उंचीच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. निम्म्या उंचीपर्यंत ती पाव मालात होते, आणि तेवढ्यात ८७.५ टक्के दगड बसलेले असतात. एक तृतीयांश उंचीपर्यंत नवव्या हिश्शाच्या मालात ७० टक्के दगड बसतात. पुढे भिंतींच्या कडेने वळत जाणारी उतरण होती की आणखी काही, यावर वाद आहे. हातनुब येथील खाणीत खुफूच्या काळातील एक तीव्र चढाची उतरण सापडल्याचे २०१८ मध्ये जाहीर झाले. तिच्या दोन्ही बाजूंना पायऱ्या आणि खांब रोवण्याची भोके आहेत.

दुसरी अडचण बलाची. आतल्या राजाच्या दालनावर आस्वानहून आणलेल्या ग्रॅनाइटच्या तुळया आहेत. त्यांतील काही ५० टनांहून जड मानल्या जातात. अशी एक तुळई ५० मीटर उचलायला सुमारे २.४५ कोटी ज्यूल कार्य लागते. एकूण कार्याच्या तुलनेत ते नगण्य आहे. पण तीच तुळई आपल्या उतरणीवरून ओढायला एका वेळी ८०० माणसांची ओढ हवी. ती माणसे उभी कुठे करायची, दोर किती जाड हवा, तुळई वळवायची कशी? कार्य क्षुल्लक आणि बल प्रचंड, अशी ही अवस्था. ‘कार्य’ आणि ‘बल’ यांतील फरक समजावण्यासाठी याहून चांगले उदाहरण मला सुचत नाही.

तिसरी गोष्ट म्हणजे, आपण फक्त चढवण्याचे काम मोजले. दगड खाणीतून काढणे, घडवणे, नावेतून आणणे, उतरण बांधणे, तांब्याच्या छिन्न्यांना धार लावणे, हजारो माणसांच्या भाकरी भाजणे, हे सगळे त्याबाहेर आहे. म्हणून १,६५० हा मजुरांचा एकूण आकडा नव्हे. चढवण्यापुरता तो अंदाज आहे. सर्व कामे धरून स्टुअर्ट वियर यांनी १९९६ मध्ये भौतिकीच्या आधारे सुमारे १०,००० माणसांचा अंदाज दिला. पुरातत्त्वज्ञ मार्क लेनर यांचा अंदाज २०,००० च्या पुढे जातो. खुफूनंतर सुमारे दोन हजार वर्षांनी इजिप्तला गेलेल्या हिरोडोटसने मात्र एक लाख माणसे, तीन-तीन महिन्यांच्या पाळ्या आणि वीस वर्षे असे लिहून ठेवले आहे. आपला हिशेब सांगतो, की एक लाखाची गरज नव्हती.

माणसांच्या खुणा

हिशेबाने शक्यता दाखवली. पुरावा जमिनीतून यावा लागतो, आणि तो आलेला आहे. लाल समुद्राच्या किनाऱ्यावर वादी अल-जर्फ येथे पिएर ताले आणि त्यांच्या सहकाऱ्यांना २०१३ मध्ये खुफूच्या काळातील पपायरस सापडले. त्यांत मेरेर नावाच्या मुकादमाची रोजची नोंदवही आहे. त्याची सुमारे चाळीस माणसांची टोळी तुरा येथील खाणीतून चुनखडकाचे दगड नावेने गिझाला आणत होती. कोणत्या दिवशी दगड भरले, कोणत्या रात्री मुक्काम कुठे केला, हे त्याने लिहून ठेवले आहे. परग्रहवासीयांना अशा नोंदवहीची गरज पडली नसती.

पिरॅमिडच्या दक्षिणेला मजुरांची वस्ती, त्यांच्या भाकरीच्या भट्ट्या आणि १९९० पासून उजेडात आलेली त्यांची थडगी आहेत. तिथल्या सांगाड्यांच्या कण्यांवर ओझ्याने झालेल्या झिजेच्या खुणा आहेत. मोडून पुन्हा जुळलेली हाडेही आहेत. म्हणजे जखमींवर उपचार होत होते. आपल्या सूत्रातील ज्यूल कोणाच्या पाठीतून आले, ते येथे दिसते. ‘हे माणसांनी केलेच नसणार’ असे म्हणताना आपण नकळत या माणसांचे श्रम पुसून टाकत असतो.

शाळेतून निघताना तो मुलगा फाटकापर्यंत आला. म्हणाला, “म्हणजे सर, माणसांनीच केलं. पण सोपं नव्हतं.” यापेक्षा नेमका निष्कर्ष मला काढता आला नसता.

वर्गात करून पाहण्यासाठी

१. शाळेच्या जिन्याची उंची मोजा. प्रत्येक विद्यार्थ्याने आपले वस्तुमान आणि जिना चढायला लागलेले सेकंद यांवरून स्वतःची शक्ती वॅटमध्ये काढावी. ती ७५ पेक्षा बरीच जास्त येईल. दिवसभर ती टिकेल का, यावर चर्चा करा.

२. तेवढ्याच उंचीचा आणि तेवढ्याच वस्तुमानाचा सरळ चौकोनी मनोरा बांधायला पिरॅमिडच्या किती पट कार्य लागेल? आधी अंदाज करा, मग समाकलन करा.

३. खळ्यावरील धान्याची शंकूच्या आकाराची रास १.२ मीटर उंच आणि २,००० किलोग्रॅमची आहे. सर्व धान्य जमिनीवरून उचलून टाकले असे मानले, तर किमान किती कार्य झाले? उत्तर ६,००० ज्यूलच्या आत आले पाहिजे.

४. दहास एक या चढाऐवजी पाचास एक असा चढ घेतला, तर ओढण्याचे बल आणि घर्षणात जाणारे कार्य यांत काय फरक पडेल? कोणती उतरण परवडेल आणि का?